राज्य दंडाने चालते की वाट्याने?

‘या लोकांना एकदा दंडुकाच पाहिजे!’ हे वाक्य आपल्या कानांवर दिवसातून किती वेळा पडते याचा आपण कधी हिशेब ठेवला आहे काय? गोंदियाच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना ते ऐकू येते. धान विकायला नेलेल्या गाड्यांची रांग मोडली की ते ऐकू येते. आमच्या कॉलेजातली पोरेसुद्धा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत शेवटी तेच लिहितात : कडक कायदा, जबर शिक्षा, म्हणजे देश सुधारेल. विचार सोपा आहे, आणि सोपे विचार माणसाला फार आवडतात.

पण हा विचार अडाणीपणाचा आहे असे मात्र समजू नका. त्याच्यामागे मोठी बुद्धिमान माणसे उभी आहेत. आपल्याकडे कौटिल्याने दंडनीतीवर किती बारकाईने लिहिले ते आपणांस ठाऊकच आहे. कौटिल्याने निदान इतके तरी सांगून ठेवले, की फार कठोर दंडाने लोक पिसाळतात, फार मऊ दंडाने राजाला कोणी विचारीत नाही, आणि दंड योग्य असला तरच त्याचा मान राहतो. चीनमधील विधिवादी पंडितांनी हा मधला मार्ग नाकारला. दंड आणि बक्षीस या दोनच दोरांनी सबंध राज्य ओढता येईल असे त्यांनी मानले आणि, विशेष म्हणजे, ते करूनही दाखविले. त्यांचे काय झाले, आणि आपल्या मराठी राज्यात जवळजवळ तोच प्रश्न उभा राहिला तेव्हा आपल्या माणसांनी काय केले, हे दोन अनुभव आज शेजारी शेजारी ठेवून पाहायचे आहेत.

प्रथम चीनकडे जाऊ. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात चीन हे एक राज्य नव्हते. सात मोठी राज्ये एकमेकांच्या उरावर बसली होती. त्यांपैकी पश्चिमेकडच्या छिन राज्याला बाकीचे लोक अर्धे रानटीच समजत. या छिनच्या दरबारात इ. स. पू. ३६१ च्या सुमारास शांग यांग नावाचा एक परका मुत्सद्दी आला. त्याने राजाकडून अधिकार मिळविले आणि नवे कायदे तयार केले. पण लोक त्यांवर विश्वास कसा ठेवणार? यावर त्याने एक युक्ती केली. राजधानीच्या बाजाराच्या दक्षिण दरवाजाशी एक लांबलचक लाकूड उभे करून त्याने दवंडी पिटविली, की हे लाकूड उत्तर दरवाजाशी नेऊन ठेवील त्याला दहा मोहरा. लोक हसले. कोणी पुढे येईना. त्याने बक्षीस पन्नासावर नेले. एका माणसाने, बघू तर खरं, म्हणून लाकूड उचलून नेले आणि त्याला तिथल्या तिथे पन्नास मोहरा मोजून मिळाल्या. त्यानंतर कायदे जाहीर झाले. सरकार बोलते ते करते, एवढे लोकांना कळले होते.

हे कायदे कसे होते? पाच-पाच आणि दहा-दहा कुटुंबांचे गट केले. एकाने गुन्हा केला आणि शेजाऱ्याने लपविला, तर शेजारीही गुन्हेगार. मोठेपणाच्या पायऱ्या ठरविल्या, आणि त्या जन्मावर नव्हेत, लढाईतल्या कामगिरीवर. राजघराण्यातला माणूस असला तरी कामगिरी नसेल तर त्याचा मान काढून घेतला. वजने-मापे एक केली. सरदारांच्या जहागिरीऐवजी राजाने नेमलेले अधिकारी मुलखावर बसविले. युवराजाने कायदा मोडला तेव्हा त्याच्या गुरूंना शिक्षा झाली. आता तुम्हीच सांगा, कुळाचा विचार न करता सर्वांना एकच कायदा, ही गोष्ट त्या काळात लहान होती काय?

पुढे शंभर वर्षांनी हान फेई या पंडिताने या विचाराला शास्त्राचे रूप दिले. कायदा, अधिकाऱ्यांवर पाळत ठेवण्याचे तंत्र आणि सिंहासनाची सत्ता, अशी तीन आयुधे त्याने राजाच्या हाती दिली. माणसाच्या चांगुलपणावर विसंबू नका, असे त्याचे सांगणे. चांगली माणसे दहा मिळतील, पण राज्याला अधिकारी लागतात शेकड्यांनी. तेव्हा व्यवस्था अशी करा की वाईट माणसालाही चांगलेच वागावे लागेल. हा मुद्दा आजही कोणाला सहज खोडून काढता येणार नाही.

हान फेईने एक गोष्ट सांगितली आहे. एक राजा मद्य पिऊन झोपला. त्याला थंडी लागेल म्हणून त्याचा मुकुट सांभाळणाऱ्या सेवकाने त्याच्या अंगावर वस्त्र घातले. जागा झाल्यावर राजाला बरे वाटले. ‘हे कोणी घातले?’ त्याने विचारले. उत्तर ऐकल्यावर त्याने दोघांना शिक्षा केली. वस्त्रे सांभाळणाऱ्याला शिक्षा, कारण त्याने आपले काम केले नाही. आणि मुकुट सांभाळणाऱ्यालाही शिक्षा, कारण त्याने आपले नसलेले काम केले. थंडी वाईट खरी, पण एकाने दुसऱ्याच्या अधिकारात शिरणे त्याहून वाईट! ही गोष्ट ध्यानात ठेवा. तिचे काम आपल्याला पुढे पडणार आहे.

या व्यवस्थेने छिन राज्य इतके बलाढ्य झाले, की इ. स. पू. २२१ मध्ये त्याच्या राजाने बाकीची सारी राज्ये जिंकून सबंध चीन एका छत्राखाली आणला आणि पहिला सम्राट ही पदवी धारण केली. एक लिपी, एक नाणे, एक माप; गाड्यांच्या दोन चाकांमधील अंतरसुद्धा एक केले. पुढच्या इतिहासकारांनी या राज्याला निव्वळ जुलमी ठरविले. परंतु १९७५ साली हूपै प्रांतात छिनच्या काळातील एका लहानशा अधिकाऱ्याची कबर सापडली. तीत अकराशेहून अधिक बांबूच्या पट्ट्या निघाल्या, आणि पुष्कळ पट्ट्यांवर कायदे लिहिलेले होते. त्यांत काय आहे? पाऊस किती पडला आणि किती शेतांना लाभला ते वेळच्या वेळी वर कळवावे. सरकारी बैल कामाने रोडावला, त्याच्या कमरेचा घेर घटला, तर त्या मानाने जबाबदार माणसाला फटके. सरकारी वेठीला माणसे उशिरा पोचली तर उशिराच्या दिवसांप्रमाणे ठपका किंवा दंड, आणि पावसाने काम अडले तर माफी. म्हणजे हे राज्य केवळ फाशीचे नव्हते. फार काटेकोर हिशेबाचे होते. दंडनीतीचे हे बळ आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

आणि तरीही हे साम्राज्य पंधरा वर्षांत कोसळले. इ. स. पू. २१० मध्ये सम्राट मेला. दुसऱ्याच वर्षी नऊशे सक्तीच्या शिपायांची एक तुकडी पावसात अडकली. इतिहासकार सिमा छ्येन सांगतो, की उशीर झाला आता मरण ठरलेलेच, तर बंड करूनच का मरू नये, असे त्यांच्या दोघा नाईकांनी ठरविले. पेटलेली काडी गवतात पडावी तसे झाले. तिकडे राजवाड्यात दुसरा सम्राट लोकांच्या दृष्टीआड बसला होता, कारण राजाने आपले मन कोणाला कळू देऊ नये, हेच शास्त्र होते. त्याचा मंत्री चाव काव याने एक दिवस दरबारात हरिण आणले आणि हा घोडा आहे म्हणून सांगितले. सम्राट हसला, पण दरबारातल्या पुष्कळांनी ‘होय, घोडाच’ असे म्हटले, आणि जे हरिण म्हणाले त्यांना मंत्र्याने पुढे गाठले. सगळ्यांवर पाळत ठेवण्याचे तंत्र राजाच्याच गळ्यात पडले. इ. स. पू. २०६ मध्ये छिनचे राज्य संपले तेव्हा त्याच्यासाठी जीव द्यायला फारसे कोणी उरले नव्हते.

याचे बीज शांग यांगच्याच काळात दिसते. त्याच्या कायद्यांना सुरुवातीला नावे ठेवणारे काही लोक पुढे येऊन त्यांची स्तुती करू लागले, तेव्हा त्याने त्यांनाही सरहद्दीवर धाडून दिले. निंदा नको आणि स्तुतीही नको. कायद्याविषयी प्रजेने तोंडच उघडायचे नाही! अशा राज्याला हात-पाय पुष्कळ असतात, पण कान नसतात. खुद्द शांग यांगचा शेवट तर प्रसिद्धच आहे. आश्रयदाता राजा मेल्यावर, ज्याच्या गुरूंना त्याने शिक्षा केली होती तोच युवराज गादीवर आला. शांग यांग पळाला. रात्री एका धर्मशाळेत जागा मागू लागला. मालक म्हणाला, ‘ओळखीचा दाखला नसलेल्याला उतरवून घेतले तर मला शिक्षा होईल. शांग सरदारांचा तसा कायदा आहे.’ आपण कोणाशी बोलतो आहोत हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हते.

असो. आता आपल्या घराकडे वळू.

शिवछत्रपतींनी चीनचे ग्रंथ पाहिले नव्हते हे उघडच आहे. पण आदिलशाही-निजामशाहीच्या मुलखात देशमुख, देशपांडे, पाटील यांच्या गढ्या आणि त्यांचे आपसातले दावे त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. राज्य उभे करताना त्यांनी जे उपाय योजले त्यांतले काही विधिवाद्यांच्या उपायांशी आश्चर्य वाटावे इतके जुळतात. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत ते नोंदवून ठेवले आहेत. किल्ल्यावर एकच धनी नाही. हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे तिघे समान दर्जाचे, आणि तेही वेगवेगळ्या जातींचे, म्हणजे तिघांनी मिळून फितवा करणे कठीण. चाकरीचा मोबदला मुलूख तोडून नव्हे, खजिन्यातून रोख. जमीन काठीने मोजायची, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर. पिकाचे पाच वाटे करून तीन रयतेला आणि दोन सरकारला. वतनदारांनी रयतेकडून मन मानेल तसे घ्यायचे नाही. त्यांचा हक्क सरकार ठरवून देईल. त्यांच्या गढ्या-हुडे पाडले.

येथपर्यंत साम्य आहे. पण एक मोठा फरकही आहे. चिपळूणच्या बाजूला छावणी करून राहिलेल्या लष्कराला महाराजांचे एक पत्र गेले आहे. १६७० नंतरच्या दशकातले ते पत्र इतिहासाच्या विद्यार्थ्यांना चांगले परिचयाचे आहे. दाणा-वैरण आताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, आणि लोक म्हणतील की यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा तसाच ठेवून निजू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजी पेटेल. असा त्याचा आशय आहे. यात धाक आहेच. पण धाकाआधी कारण सांगितलेले आहे. हुकूम देणारा माणूस हुकूम पाळणाऱ्याला समजावून सांगतो आहे, आणि कुणबी आपल्याविषयी काय म्हणेल याची त्याला चिंता आहे. शांग यांगला ही चिंता नव्हती.

महाराज ३ एप्रिल १६८० रोजी वारले, आणि नऊ वर्षांतच या राज्याची अशी परीक्षा झाली की तशी छिन साम्राज्याचीही झाली नसेल. ११ मार्च १६८९ रोजी संभाजी महाराजांचा वध झाला. नोव्हेंबरात रायगड पडला. येसूबाई आणि बाळ शाहू मोगलांच्या हाती लागले. राजाराम महाराजांना पार दक्षिणेत जिंजीला जावे लागले. राजा दूर, राजधानी शत्रूकडे, खजिना रिकामा, आणि दिल्लीचा बादशहा स्वतः दक्षिणेत ठाण मांडून बसलेला. शास्त्राप्रमाणे पाहिले तर हे राज्य त्याच वर्षी संपायला हवे होते. ते संपले नाही. उलट १७०७ मध्ये अहमदनगरजवळ औरंगजेबच संपला.

हे कशाने झाले? येथे रामचंद्रपंत अमात्यांचे नाव घ्यावे लागते. नीळो सोनदेवांचे हे चिरंजीव १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी तरुण वयातच अमात्य झाले होते. अमात्य म्हणजे जमाखर्च पाहणारा प्रधान. पण राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा महाराष्ट्रातला सारा कारभार त्यांच्यावर आणि शंकराजी नारायण सचिव यांच्यावर पडला. पंतांना ‘हुकूमतपनाह’ हा किताब आणि जवळजवळ राजाचेच अधिकार मिळाले. संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांच्यासारख्या सेनानींना बळ पुरविणे, पडलेले किल्ले परत मिळविणे, उजाड गावे पुन्हा वसविणे, हे सारे या हिशेबनिसाने केले. आता ती चिनी गोष्ट आठवा. मुकुट सांभाळणाऱ्याने वस्त्र घातले म्हणून त्याला शिक्षा झाली होती. येथे हिशेब सांभाळणाऱ्याने सबंध राज्यावर पांघरूण घातले म्हणून राज्य वाचले. आणि राजा आठ वर्षे दूर असताना त्याने ते पांघरूण स्वतःच्या अंगावर ओढून घेतले नाही. अशा माणसासाठी हान फेईच्या शास्त्रात जागाच नाही. चाव कावसारखा माणूस मात्र त्या शास्त्राच्या सावलीतच वाढला.

परंतु केवळ निष्ठेच्या गुणगानावर थांबलो तर तो इतिहास होणार नाही. ते कीर्तन होईल. राज्य वाचले त्याला दुसरेही एक कारण होते, आणि ते कमी उदात्त आहे. खजिन्यात पैसा नव्हता, तेव्हा पगार कोठून देणार? बादशहा तिकडे मराठा सरदारांना मनसबा आणि वतने देऊन फोडीत होता. मग इकडूनही वतने, इनामे, सरंजाम देणे सुरू झाले. मुलूख शत्रूकडून सोडवा आणि त्यातला वाटा घ्या! १६९१ साली राजाराम महाराजांनी हणमंतराव घोरपड्यांना जी सनद दिली, तीत रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद इतकेच नव्हे, दिल्ली घेण्याबद्दलसुद्धा होनांचे आकडे घातलेले आहेत; एकूण सहा लाख होन. राजा एका वेढल्या जाणाऱ्या किल्ल्यात बसला आहे आणि दिल्लीचे बक्षीस लिहून देतो आहे! पण लोक त्यावर लढले. कारण आता हे राज्य ज्याचे त्याचे झाले होते. प्रत्येक गावात, प्रत्येक घाटात त्याचा कोणीतरी वाटेकरी होता. छिनचे राज्य एका राजधानीत मारता आले. मराठ्यांचे राज्य मारायला औरंगजेबाला हजारो घरे शोधावी लागली असती.

शिवाजी महाराजांनी जे कटाक्षाने टाळले होते, ते त्यांच्याच राज्याचा जीव वाचविण्यासाठी करावे लागले. याची किंमत पुढे द्यावी लागणार होतीच. वाटेकऱ्याची निष्ठा प्रथम वाट्यावर असते. एकच घराणे आज इकडे तर उद्या बादशहाकडे, परवा पुन्हा इकडे, असे प्रकार सर्रास झाले. संताजी आणि धनाजी या दोन मोठ्या सेनानींत वैर आले. १६९७ मध्ये संताजीचा नागोजी माने याने खून केला. आपल्या सर्वांत मोठ्या सेनापतींना एका हुकुमाखाली ठेवण्याइतके बळ केंद्रात उरले नव्हते.

आता या साऱ्याच्या मध्यभागी उभ्या असलेल्या माणसाने म्हातारपणी काय लिहिले ते पाहा. १७१५ च्या अखेरीस, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांसाठी, रामचंद्रपंतांनी ‘आज्ञापत्र’ तयार केले. शिवाजी महाराजांपासून त्या संभाजी महाराजांपर्यंत पाच छत्रपतींची कारकीर्द त्यांनी पाहिली होती. पुढच्याच वर्षी ते वारले. तेव्हा ही एका अर्थी त्यांची मृत्युपत्राची भाषा आहे. राजा, प्रधान, साहुकार, वतनदार, किल्ले, आरमार, टोपीकर व्यापारी, असा एकेक विषय घेऊन त्यांनी राज्याचे शास्त्र सांगितले आहे.

त्यातला वतनदारांचा भाग पाहावा. हे लोक म्हणजे लहान-लहान राजेच, राज्याचे दायाद आहेत, असे पंत म्हणतात. आहे तेवढ्यावर त्यांचे समाधान नसते. बळकट व्हावे, दुसऱ्याचे घ्यावे, हीच त्यांची वृत्ती. आणि परचक्र आले की वतनाच्या लोभाने हेच आधी शत्रूशी संधान बांधतात. नवीन वतने, नवीन इनामे देऊ नयेत. चाकरीबद्दल संतोष झाला तर पैसा द्यावा, पगार वाढवावा, पण पिढ्यान्‌पिढ्या चालणारी भूमी तोडून देऊ नये, कारण तसे देत गेले तर राज्यच संपते. किती विलक्षण गोष्ट आहे बघा! ज्याच्या कारकिर्दीत सर्वांत जास्त वतने वाटली गेली, तोच माणूस पुढच्या राजाला सांगतो आहे, की हे करू नका. स्वतः पाजलेल्या औषधाचा विषारीपणा त्याला इतर कोणाहूनही जास्त ठाऊक होता.

येथवर वाचले तर वाटते, पंत विधिवादीच झाले. पण मग याच वतनदारांबद्दल ते पुढे काय सांगतात? यांचा अपमान करू नये आणि यांना डोक्यावरही बसवू नये. जे चालत आले ते नीट चालवावे, नवा अधिकार हाती देऊ नये. स्नेह आणि दंड या दोहोंच्या मध्ये त्यांना ठेवावे. कोणाला उपटून टाका असे ते म्हणत नाहीत. शांग यांगने सरदार मोडले; पंतांना माहीत होते, की मुळेच उपटली तर वादळात झाड कशावर उभे राहणार? त्यांनी १६८९ पाहिले होते.

आणि आरमाराच्या प्रकरणातला लाकडाचा भाग तर प्रत्येक सरकारी कचेरीत वाचला जावा असा आहे. जहाजांना लाकूड लागते. राज्याच्या संरक्षणाचे काम, तेव्हा दिसेल ते झाड तोडा, असा हुकूम सुटला असता तर छिनच्या राज्यात कोणाला नवल वाटले नसते. पंत सांगतात : साग वगैरे लागतील ते परवानगीने जंगलातून आणा, बाहेरून विकत घ्या, पण स्वराज्यातल्या आंब्या-फणसांना हात लावू नका. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहणार नाही, आणि एकाला दुःख देऊन केलेले काम करणाऱ्यासह थोड्याच काळात बुडते. एखादे झाड जुने होऊन निकामी झाले असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. जबरदस्ती मुळीच करू नये.

विचार करा, राज्याची गरज खरी आहे. शत्रू समुद्रावर उभा आहे. तरीही ज्याच्या दारचे झाड आहे त्याला विचारायला हा प्रधान थांबतो. याला कोणी मऊपणा म्हणेल. मला वाटते, यातच दंडनीतीची मर्यादा एका अनुभवी माणसाने बरोबर ओळखली आहे. दंडाने झाड तोडता येते, दंडाने झाड वाढविता येत नाही.

अर्थात पंतांचा इशारा पुढच्यांनी मानला नाही. पुढच्या मराठी राज्याचा विस्तार सरदारांच्या वाट्यांवरच झाला. आपला हा वैनगंगेचा मुलूखही त्यातच नागपूरकर भोसल्यांच्या वाट्याला आला. विस्तार केवढा मोठा झाला हे सांगायला नको. पण १८०३ मध्ये इंग्रजांशी गाठ पडली तेव्हा शिंदे आणि भोसले लढले आणि होळकर बाजूला राहिले. २९ नोव्हेंबरला आडगावला भोसल्यांचा पराभव झाला, डिसेंबरात देवगावचा तह झाला. पुढच्या वर्षी होळकर लढायला उभे राहिले तेव्हा ते एकटे होते. वाट्याचे राज्य सहजासहजी मरत नाही हे १६८९ ने दाखविले. वाट्याचे राज्य एक होऊन लढत नाही हे १८०३ ने दाखविले. एकट्या दंडाचे राज्य जसे अपुरे, तसेच एकट्या वाट्याचेही.

हा सारा प्रश्न राजेरजवाड्यांचा, आपल्याशी त्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. म्हणून शेवटी फुलचूरच्या आसपासचेच एक उदाहरण देतो. आपल्या भंडारा-गोंदिया भागात तलाव आणि बोड्या किती आहेत ते सांगण्याची गरज नाही. पुष्कळसे तलाव कोहळी समाजाच्या कर्त्या माणसांनी बांधले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरेने सांगतात. जो तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखालच्या जमिनीत हक्क, असे जुन्या राज्यकर्त्यांचे धोरण होते. म्हणजे वाट्याचेच धोरण. पुढे इंग्रजी अमलात हे तलाव मालगुजारांकडे राहिले. मालगुजारीत जुलूम होता, वेठ होती. १९५१ मध्ये ती कायद्याने नाहीशी झाली हे फार चांगले झाले, याबद्दल कोणाच्या मनात शंका नसावी. तलाव सरकारचे झाले. लोक त्यांना अजूनही ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. पण पाळ खचली तर माती टाकायची कोणी, गाळ काढायचा कोणी, हा प्रश्न कागदावर सुटला तरी पुष्कळ ठिकाणी पाळीवर सुटला नाही. कित्येक तलाव गाळाने भरले, पाणी धरण्याची त्यांची ताकद घटली.

आमच्या गावाकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी एकदा विचारले, ‘बाबाजी, पूर्वी मालगुजाराच्या धाकाने लोक पाळीवर यायचे, आता धाक गेला म्हणून येत नाहीत, असंच ना?’ ते म्हणाले, ‘धाक होता जी, नाही कसा? पण धाकानं माणूस दिवसभर टोपली उचलते. रात्री पाऊस आला तर पाळ फुटली का म्हणून कंदील घेऊन कोण जाते? ज्याची बांधी खाली आहे तोच जाते ना, गुरुजी!’

हान फेई फार मोठा पंडित होता. त्याच्या कायद्याने टोपली उचलली जाईल यात संशय नाही. ती मोजून उचलली जाईल, वेळेवर उचलली जाईल, आणि मालगुजाराच्या भाच्यालाही ती उचलावी लागेल, हा त्याच्या कायद्याचा गुण आपण घेतलाच पाहिजे; नाही तर गावात बळी तो कान पिळी होते. पण रात्रीचा कंदील कोणत्याही कायद्याने पेटत नाही. तो पेटायला खाली आपली बांधी असावी लागते, आणि ती आपलीच राहील असा भरवसा असावा लागतो. शिवछत्रपतींनी कायदा कडक ठेवला आणि कुणब्याच्या मनाची काळजी केली. रामचंद्रपंतांनी वतनदाराला आवरायला सांगितले आणि आंब्याला हात लावू नका म्हणून बजावले. दोन्ही गोष्टी एकाच हाताने लिहिलेल्या आहेत. त्या एकत्र ठेवणे अवघड आहे, आणि राज्य करणे म्हणजे बहुधा हेच अवघड काम करणे होय.

तेव्हा यापुढे फलाटावर कोणी म्हणाले, ‘या लोकांना दंडुका पाहिजे’, तर त्याला नाही म्हणू नका. फक्त एवढेच विचारा : दंडुका दिवसा चालेल, पण रात्री पाळीवर कोण जाईल?